वाढीव तेलाचा हिशेब : वायू-अंतःक्षेपण पद्धतींच्या दाव्यांची चिकित्सा

प्रस्तावना

कोणत्याही तेलक्षेत्रातील सर्व तेल कधीच वर येत नाही. भूगर्भातील नैसर्गिक दाबाच्या बळावर जे तेल आपोआप विहिरीकडे येते ते एकूण साठ्याच्या मानाने थोडे असते. दाब ओसरल्यावर खडकात पाणी सोडून आणखी काही तेल मिळविले जाते. तरीही बहुतेक क्षेत्रांत निम्म्याहून अधिक तेल खडकातच अडकून राहते. या अडकलेल्या तेलाचा काही भाग मिळविण्यासाठी खडकात नैसर्गिक वायू, नायट्रोजन किंवा कार्बन डायऑक्साइड सोडण्याच्या ज्या पद्धती विकसित झाल्या त्यांना वायू-अंतःक्षेपण पद्धती म्हणतात. 'एन्हान्स्ड ऑइल रिकव्हरी' म्हणजे वाढीव तेलप्राप्ती या व्यापक संज्ञेत त्यांचा समावेश होतो.

या पद्धतींविषयीचे लेखन विपुल आहे. त्यातील बरेचसे लेखन अभियंत्यांनी अभियंत्यांसाठी केलेले असल्याने त्यात 'किती तेल वाढले' हा एकच प्रश्न मध्यवर्ती असतो. गेल्या दोन दशकांत त्यात दुसरा एक सूर मिसळला. तेल काढण्यासाठी जमिनीत सोडलेला कार्बन डायऑक्साइड तेथेच राहतो, म्हणून ही पद्धत हवामान-बदलावरील उपायही ठरते, असे मांडले जाऊ लागले. एकाच कृतीने तेलही मिळते आणि कार्बनही गाडला जातो, असा हा दुहेरी दावा आहे. तो पूर्णतः खोटा नाही, आणि म्हणूनच त्याची चिकित्सा आवश्यक आहे. 'वाढीव' हे विशेषण नेमके कशाच्या तुलनेत वापरले जाते, आणि वाढते ते तेल, तेल निघण्याचा वेग की साठविलेला कार्बन, हे तपासल्याशिवाय या पद्धतींच्या यशाविषयी बोलणे उतावीळपणाचे होईल. प्रस्तुत लेखात टेक्सासमधील स्कॅरी काउंटी, मेक्सिकोतील कान्तारेल आणि कॅनडातील वेबर्न या तीन क्षेत्रांच्या आधारे हा प्रश्न विचारात घेतला आहे.

ढकलणे आणि मिसळणे

पाठ्यपुस्तकांतील आकृत्यांमध्ये एका बाजूच्या विहिरीतून वायू आत जातो आणि तेलाची सरळ भिंत पुढे ढकलत दुसऱ्या बाजूच्या विहिरीपर्यंत नेतो, असे दाखविलेले असते. पिचकारीचा दट्ट्या ढकलावा तसे हे चित्र आहे. अध्यापनाच्या दृष्टीने ते सोयीचे असले तरी त्याने जेवढे समजते तेवढीच दिशाभूलही होते. तेलाचा साठा म्हणजे भूमिगत तळे नव्हे. तेल वालुकाश्माच्या किंवा चुनखडीच्या सूक्ष्म छिद्रांत, पाण्याच्या शेजारी, पृष्ठताणाने धरून ठेवलेल्या थेंबांच्या आणि पापुद्र्यांच्या रूपात असते. पाण्याने ढकलले तर मोठ्या छिद्रांतील तेल सुटते. लहान छिद्रांतील तेल मात्र केशाकर्षणामुळे जागचे हलत नाही.

वायूचा खरा उपयोग येथे होतो. पुरेशा दाबाखाली काही वायू तेलात विरघळतात. कार्बन डायऑक्साइड ३१ अंश सेल्सिअसच्या वर आणि वातावरणाच्या सुमारे ७३ पट दाबाच्या पलीकडे अशा अवस्थेत जातो की, त्याची घनता द्रवासारखी आणि वाहतेपणा वायूसारखा होतो. या अवस्थेतील वायू तेलात शिरतो, तेल फुगवितो, त्याचा दाटपणा कमी करतो आणि त्यातील हलके घटक स्वतःमध्ये ओढून घेतो. ही देवाणघेवाण पुन्हा पुन्हा होत गेली की, तेल आणि वायू यांच्यातील सीमारेषाच नाहीशी होते. सीमा नाही म्हणजे पृष्ठताण नाही, आणि पृष्ठताण नाही म्हणजे तेलाला छिद्रात धरून ठेवणारे बळ नाही. ज्या दाबाला हे घडते त्यास किमान मिश्रणदाब म्हणतात. त्याखालील दाबाला सोडलेला वायू तेलात पूर्णतः मिसळत नाही. तो तेल काहीसे पातळ करतो आणि ढकलतो, एवढेच. नायट्रोजनच्या बाबतीत हा दाब इतका अधिक असतो की, बहुतेक ठिकाणी त्याचा उपयोग केवळ दाब टिकविण्यासाठी होतो.

भारतीय संदर्भात आणखी एक भेद लक्षात ठेवला पाहिजे. मुंबई हाय क्षेत्रातील अनेक विहिरींत वायू सोडला जातो, पण तो विहिरीच्या नळीतील तेलाचा स्तंभ हलका करून ते वर आणण्यासाठी. या 'गॅस लिफ्ट' पद्धतीत खडकातील तेलावर कोणतीही प्रक्रिया होत नाही. नावातील 'गॅस' या शब्दामुळे या दोन गोष्टींची गल्लत होऊ शकते.

नव्वद टक्के आणि दहा टक्के

एखादा वायू एखाद्या तेलाला किती मानवेल हे प्रयोगशाळेत ठरविण्यासाठी वाळूने भरलेली लांब, बारीक, वेटोळी नळी वापरतात. त्या नळीत तेल भरून एका टोकाने वायू सोडला आणि दाब पुरेसा असला तर ९० टक्क्यांहून अधिक तेल दुसऱ्या टोकाने बाहेर पडते. प्रत्यक्ष क्षेत्रात मात्र कार्बन डायऑक्साइडच्या वापराने मिळणारी वाढ मूळ साठ्याच्या साधारणतः ५ ते १५ टक्के एवढीच असते. ही तफावत कोठून येते, हा या विषयाचा खरा गाभा आहे. आणि प्रचारपर लेखनात नेमका तोच वगळला जातो.

उत्तर असे की, नळी ही एकमितीय आहे. तिच्यात वायूला आडवाटेने निसटून जायला जागाच ठेवलेली नसते. खडकात मात्र थर असतात, भेगा असतात, कमी-अधिक पारगम्यतेचे पट्टे असतात. त्यातच वायू तेलापेक्षा कित्येक पटींनी पातळ असल्याने तो तेलाची भिंत सारखी पुढे नेत नाही, तर बोटांसारख्या शाखा काढून तिच्यातून घुसतो आणि उत्पादक विहिरीत लवकर प्रकट होतो. शिवाय तो हलका असल्याने वरच्या थरातून धावतो व खालचे तेल तसेच राहते. म्हणजे वायू ज्या छिद्रापर्यंत पोहोचतो तेथील तेल तो जवळजवळ धुऊन काढतो, परंतु तो पोहोचतो फार थोड्या छिद्रांपर्यंत. स्पर्श झालेल्या भागातील ९० टक्के तेल सुटले आणि स्पर्श एक तृतीयांश खडकालाच झाला, तर हाती येते ३० टक्के. आणि हे गणितही पाण्याने ढकलून उरलेल्या तेलाचे, मूळ साठ्याचे नव्हे.

यावर काढलेला तोडगा म्हणजे वायू आणि पाणी आलटून-पालटून सोडणे. कॅनडातील आल्बर्टा प्रांतातील नॉर्थ पेंबिना क्षेत्रात १९५७ मध्ये या पद्धतीचा पहिला वापर झाल्याची नोंद आहे. पाण्यामुळे वायूच्या बोटांना आळा बसतो आणि तो अधिक खडकापर्यंत पोहोचतो. मात्र त्याच पाण्यामुळे काही तेल झाकले जाऊन वायूच्या स्पर्शापासून वंचित राहते. एक दोष दूर करताना दुसरा पदरात घेण्याचा हा व्यवहार आहे, आणि प्रत्येक क्षेत्रात त्याचे प्रमाण नव्याने बसवावे लागते. या पद्धतीच्या सुमारे ६० क्षेत्रांतील अनुभवांचा जो आढावा २००१ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात मूळ साठ्याच्या ५ ते १० टक्के वाढ ही सर्वसाधारण मानली गेली असून बहुतेक प्रकल्प यशस्वी ठरल्याचे म्हटले आहे. हा आढावा मोलाचा आहे. परंतु असे आढावे प्रसिद्ध झालेल्या माहितीवर आधारलेले असतात, आणि फसलेल्या चाचणीविषयी निबंध लिहिण्याची उत्सुकता कोणत्याही कंपनीला क्वचितच असते. यशाच्या टक्केवारीवर या निवडीचा परिणाम किती, हा प्रश्न वाचकाने मनात ठेवणे योग्य ठरेल.

स्कॅरी काउंटी : आरंभ आणि त्यानंतरची कलाटणी

कार्बन डायऑक्साइडने तेल काढण्याच्या पद्धतीचे अमेरिकी पेटंट १९५२ चे आहे. मोठ्या प्रमाणावरील व्यापारी वापर मात्र पश्चिम टेक्सासमधील स्कॅरी काउंटीत जानेवारी १९७२ मध्ये सुरू झाला. केली-स्नायडर नावाचे हे चुनखडीचे क्षेत्र १९४८ मध्ये सापडले होते. दाब झपाट्याने घसरू लागल्यावर तेथील अनेक मालकांनी एकत्र येऊन एकच व्यवस्थापन उभारले व प्रथम पाणी सोडले. पुढे सुमारे ३५० किलोमीटर लांबीची वाहिनी टाकून दक्षिणेकडील व्हाल व्हर्डे भागातील वायूशुद्धीकरण केंद्रांतून कार्बन डायऑक्साइड आणण्यात आला. नैसर्गिक वायूतून वेगळा केलेला हा वायू एरवी हवेत सोडून दिला जात होता. म्हणजे या तंत्राचा आरंभ टाकाऊ वायूचा उपयोग करून झाला, आणि हवामान-बदल हा शब्द त्या काळी कोणाच्या हिशेबात नव्हता.

पुढील इतिहास मात्र नेमक्या उलट दिशेने गेला. मागणी वाढली तसा टाकाऊ वायू अपुरा पडू लागला. कोलोरॅडोतील मॅकेल्मो डोमसारख्या ठिकाणी भूगर्भात लक्षावधी वर्षे बंदिस्त असलेला जवळजवळ शुद्ध कार्बन डायऑक्साइड विहिरी खोदून वर काढण्यात आला, आणि १९८४ पासून सुमारे ८०० किलोमीटरच्या कॉर्टेझ वाहिनीने तो पश्चिम टेक्सासमध्ये आणला जाऊ लागला. तेव्हापासून तेथील तेलक्षेत्रांत वापरल्या गेलेल्या कार्बन डायऑक्साइडचा फार मोठा भाग असा खनिज स्वरूपाचा आहे. एका भूगर्भातून काढून दुसऱ्या भूगर्भात घातलेल्या वायूला 'कार्बन साठवणूक' म्हणणे म्हणजे एका खात्यातून काढलेली रक्कम दुसऱ्या खात्यात भरून तिला बचत म्हणण्यासारखे आहे. हा मुद्दा तज्ज्ञांना अपरिचित नाही; परंतु 'अर्धशतकाचा सुरक्षित साठवणुकीचा अनुभव' असे जेव्हा सांगितले जाते, तेव्हा तो अनुभव कोणत्या वायूचा, हे सांगितले जात नाही.

साठवणूक होते हे मात्र खरे, आणि ते मान्य केले पाहिजे. स्कॅरी क्षेत्राविषयीच्या एका अभ्यासानुसार १९७२ ते २००५ या काळात सुमारे ९.३ कोटी टन कार्बन डायऑक्साइड खडकात सोडण्यात आला. त्यांपैकी सुमारे ३.८ कोटी टन तेलाबरोबर परत वर आला आणि उरलेला सुमारे ५.५ कोटी टन खाली राहिला. परत आलेला वायू वेगळा करून, पुन्हा दाबून, पुन्हा सोडला जातो. येथे आकडे वाचताना एक सावधगिरी हवी. 'सोडलेला वायू' या आकड्यात तोच वायू दोनदा-तीनदा मोजला गेलेला असू शकतो. साठवणुकीचा अंदाज घ्यायचा तर बाहेरून नव्याने आणलेला वायू तेवढाच धरला पाहिजे, आणि तो पुनःपुन्हा दाबण्यासाठी जळणाऱ्या इंधनाचा कार्बन त्यातून वजा केला पाहिजे.

कान्तारेल : वेगाची किंमत

'वाढ' या शब्दाची दुसरी बाजू मेक्सिकोच्या आखातातील कान्तारेल क्षेत्रात दिसते. १९७६ मध्ये सापडलेले हे क्षेत्र जगातील सर्वांत मोठ्या सागरी तेलक्षेत्रांपैकी एक होते. १९९० च्या दशकात दाब उतरू लागला तेव्हा पेमेक्स या सरकारी कंपनीने नायट्रोजनचा मार्ग निवडला. कारण सरळ होते : नायट्रोजन हवेतून मिळतो, तो वाटेल तेवढा आहे, आणि नैसर्गिक वायू विकता येत असल्याने तो खडकात कोंडून ठेवणे परवडत नाही. मे २००० पासून किनाऱ्यावरील प्रचंड संयंत्रातून दररोज सुमारे १२० कोटी घनफूट नायट्रोजन क्षेत्राच्या माथ्यावरील वायूच्या टोपीत सोडला जाऊ लागला. त्याच वेळी नव्या विहिरी आणि फलाटही उभारण्यात आले.

परिणाम नेत्रदीपक होता. २००४ च्या सुमारास उत्पादन दररोज २१ लाख बॅरलपर्यंत पोहोचले. त्यानंतर ते कोसळले. २०१० मध्ये ते सहा लाख बॅरलच्या खाली होते. मेक्सिकोच्या केंद्र सरकारचे सुमारे एक तृतीयांश उत्पन्न त्या काळात तेलातून येत असल्याने ही घसरण तेलखात्यापुरती राहिली नाही. तिचे पडसाद देशाच्या अर्थसंकल्पात आणि पुढे २०१३ च्या घटनादुरुस्तीपर्यंत पोहोचलेल्या ऊर्जाधोरणाच्या वादात उमटले.

या घटनाक्रमाचे दोन अर्थ लावले जातात. नायट्रोजनने क्षेत्र बिघडविले, हा लोकप्रिय अर्थ. तो घाईचा आहे. भेगाळलेल्या चुनखडीत वरून वायूची टोपी खाली सरकत गेली व खालून पाणी वर येत गेले, आणि मधला तेलाचा थर पातळ होत गेला. विहिरी त्या थरात जेवढ्या वेगाने तेल ओढत होत्या तेवढ्याच वेगाने तो संपणार होता. दाब टिकविण्याचे आपले काम नायट्रोजनने चोख बजावले. दुसरा, अधिक न्याय्य अर्थ असा की, प्रकल्पाचे उद्दिष्टच मुळात वेग हे होते, आणि वेगाची वाढ ही साठ्याची वाढ म्हणून वाचली गेली. मेक्सिकोच्या राज्यकर्त्यांनी २००४ चा आकडा उंची म्हणून पाहिला, उतार म्हणून पाहिला नाही. नंतर तेलाबरोबर वर येणाऱ्या नैसर्गिक वायूत नायट्रोजन मिसळू लागला, तो वायू विकण्यायोग्य राहिला नाही, आणि त्याचा बराच भाग समुद्रावरच जाळावा वा सोडावा लागला. जो वायू वाचवायचा म्हणून नायट्रोजन आणला तोच त्यामुळे वाया गेला, ही या प्रकल्पाची कमी चर्चिली गेलेली बाजू होय.

वेबर्न : सर्वांत चांगले उदाहरण

दुहेरी दाव्याची परीक्षा त्याच्या दुबळ्या उदाहरणावर करणे योग्य नव्हे. ती सर्वोत्तम उदाहरणावर केली पाहिजे. तसे उदाहरण कॅनडाच्या सस्कॅचेवान प्रांतातील वेबर्न हे आहे. १९५४ मध्ये सापडलेल्या या क्षेत्रात १९६४ पासून पाणी सोडण्यात येत होते. २००० मध्ये तेथे कार्बन डायऑक्साइड सोडण्यास प्रारंभ झाला. हा वायू भूगर्भातून खणून काढलेला नव्हता. अमेरिकेतील नॉर्थ डकोटा राज्यात लिग्नाइट कोळशापासून वायू तयार करणाऱ्या कारखान्याच्या धुराड्यातून जाणारा वायू पकडून सुमारे ३२० किलोमीटरच्या वाहिनीने तो आणण्यात आला. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या हरितगृह वायू कार्यक्रमाच्या पुढाकाराने २००० ते २०१२ या काळात तेथे भूकंपलहरी, भूजल आणि मातीतील वायू यांची सातत्याने पाहणी झाली. विशेष म्हणजे वायू सोडण्यापूर्वीची स्थिती नोंदवून ठेवलेली होती.

या पूर्वनोंदीचे मोल जानेवारी २०११ मध्ये कळले. क्षेत्राजवळच्या एका शेतकरी दाम्पत्याने आपल्या जमिनीतून कार्बन डायऑक्साइड गळत असल्याची आणि तळ्यातील पाणी बदलल्याची तक्रार जाहीरपणे मांडली. जगभर बातम्या झाल्या. पुढे झालेल्या स्वतंत्र तपासणीत मातीतील वायू नैसर्गिक जैविक प्रक्रियांतून आलेला असल्याचा निष्कर्ष निघाला. कोळशापासून आलेल्या कार्बनमध्ये रेडिओकार्बन उरलेला नसतो. मातीतील वायूत तो होता. तक्रार खोडसाळ नव्हती. आपल्या पायाखाली काय चालले आहे हे विचारण्याचा तो एका शेतकरी कुटुंबाचा हक्क होता, आणि त्याला आकड्यांनी उत्तर देता आले ते पाहणी अगोदर झाली होती म्हणून.

आता मुख्य हिशेब. प्रकल्पाच्या आरंभी मांडलेल्या अपेक्षेनुसार वेबर्नमधून सुमारे १३ कोटी बॅरल अतिरिक्त तेल मिळणार होते आणि सुमारे दोन कोटी टन कार्बन डायऑक्साइड खाली राहणार होता. एक बॅरल कच्चे तेल जाळल्यास सरासरीने ०.४३ टन कार्बन डायऑक्साइड निर्माण होतो. त्यानुसार १३ कोटी बॅरल तेलातून सुमारे ५.६ कोटी टन वायू हवेत जाणार. गाडलेल्या प्रत्येक टनामागे जवळजवळ पावणेतीन टन वर जाणार, असा हा जमाखर्च आहे. तेलाचा काही भाग डांबर वा प्लास्टिकच्या रूपात न जळता राहतो हे धरले, आणि साठवणूक अपेक्षेहून अधिक झाली हेही धरले, कारण २०१२ पर्यंतच वेबर्न व शेजारचे मिडेल मिळून दोन कोटी टनांचा टप्पा ओलांडला गेला होता, तरी पारडे फिरत नाही.

यावर समर्थकांचे उत्तर असते की, हे तेल येथून निघाले नसते तर अन्य कोठून तरी निघालेच असते. म्हणून त्याच्या ज्वलनाचा भार या प्रकल्पावर टाकू नये. हा युक्तिवाद अर्थशास्त्राच्या कसोटीवर अंशतः टिकतो. नवे तेल बाजारात आले की काही जुने तेल बाजूला सरते. परंतु पुरवठा वाढल्याने किंमत किंचित उतरते, आणि किंमत उतरली की खप वाढतो, हेही त्याच शास्त्राचे सांगणे आहे. किती तेल बाजूला सरले हे मोजता येत नाही. ते गृहीत धरावे लागते. एखाद्या अहवालाचे संपूर्ण अनुकूल फलित जर या एका गृहीतकावर उभे असेल, तर ते गृहीतक तळटीपेत न राहता पहिल्या पानावर असावे, एवढी अपेक्षा रास्त आहे.

'अतिरिक्त' या शब्दाचेही तसेच. वेबर्नमध्ये १९९१ पासून आडव्या विहिरी खोदण्यास सुरुवात झाली होती आणि उत्पादन कार्बन डायऑक्साइड येण्यापूर्वीच सावरू लागले होते. वायूमुळे वाढलेले तेल म्हणजे प्रत्यक्ष उत्पादन वजा 'वायू नसता तर झाले असते ते उत्पादन'. यातील दुसरी संख्या कोणी पाहिलेली नाही. ती आलेखावर तुटक रेषेने काढलेली असते. रेषा जरा अधिक उतरती काढली की यश वाढते. यात लबाडी असतेच असे नव्हे. घसरणीचे भाकीत करण्याच्या मान्य रीती आहेत. पण रेषा काढणारा हात आणि यश जाहीर करणारा हात एकच असतो.

तेलाच्या किमतीवर उभी साठवणूक

दुहेरी दाव्यातील दुर्बल दुवा ह्यूस्टनजवळील पेट्रा नोव्हा प्रकल्पाने उघड केला. कोळशावरील वीजकेंद्राच्या धुरातून वर्षाला १४ लाख टन कार्बन डायऑक्साइड पकडण्याची क्षमता असलेला, सुमारे १०० कोटी डॉलर खर्चाचा हा प्रकल्प जानेवारी २०१७ मध्ये सुरू झाला. अमेरिकी ऊर्जा खात्याने त्यास १९ कोटी डॉलरचे साहाय्य दिले होते. पकडलेला वायू सुमारे १३० किलोमीटरवरील वेस्ट रँच तेलक्षेत्रात नेला जाई. पहिल्या तीन वर्षांत पकडलेला वायू ठरलेल्या प्रमाणापेक्षा सुमारे १७ टक्के कमी भरला. एवढ्या नव्या यंत्रणेच्या मानाने हे अपयश म्हणता येणार नाही. परंतु २०२० मध्ये तेलाचे भाव कोसळताच मे महिन्यात वायू पकडणेच थांबविण्यात आले. वीजकेंद्र चालू राहिले, धूर चालू राहिला. थांबली ती फक्त साठवणूक. सप्टेंबर २०२३ मध्ये प्रकल्प पुन्हा सुरू झाला तो मालकी बदलल्यानंतर आणि करसवलत वाढल्यानंतर.

ती करसवलत हाही बोलका दस्तऐवज आहे. २००८ मध्ये अमेरिकेने केवळ साठवणुकीसाठी गाडलेल्या प्रत्येक टनास २० डॉलर आणि तेलप्राप्तीसाठी वापरून गाडलेल्या टनास १० डॉलर, असा भेद केला होता. २०१८ मध्ये हे दर ५० व ३५, तर २०२२ मध्ये ८५ व ६० झाले. तेलातून वेगळा नफा मिळतो म्हणून सवलत कमी, हे त्यामागील साधे तत्त्व. २०२५ च्या कायद्याने नव्या प्रकल्पांसाठी हा भेद पुसून दोघांनाही समान दर दिला. नॉर्वेतील स्लाइपनर क्षेत्रात १९९६ पासून तेलाचा एक थेंबही न काढता वर्षाला सुमारे १० लाख टनांपर्यंत कार्बन डायऑक्साइड समुद्रतळाखाली गाडला गेला आहे, तो तेथील कार्बन-कराच्या धाकाने. ही तुलना केली म्हणजे दोन धोरणांतील अंतर स्पष्ट होते.

वाहिन्यांच्या काठावर राहणाऱ्या लोकांचा विचार या साहित्यात अगदी थोडा आढळतो. २२ फेब्रुवारी २०२० रोजी मिसिसिपी राज्यातील सटार्शिया गावाजवळ, अतिवृष्टीने जमीन सरकून, तेलक्षेत्राकडे जाणारी कार्बन डायऑक्साइडची वाहिनी फुटली. हा वायू हवेपेक्षा जड असल्याने सखल भागात साचला. ऑक्सिजनअभावी मोटारींची इंजिने बंद पडली, सुमारे २०० जणांना घरे सोडावी लागली आणि ४५ जणांना रुग्णालयात जावे लागले. कोणी दगावले नाही. वायूला रंग नसतो, आणि जमिनीखालून काय जाते याची गावकऱ्यांना पुरेशी कल्पना नव्हती.

भारतीय संदर्भ

भारतात हा विषय यापुढे केवळ पाठ्यपुस्तकी राहणार नाही. केंद्र सरकारने २०१८ मध्ये वाढीव तेल व वायूप्राप्तीच्या पद्धतींना उत्तेजन देणारे धोरण मंजूर केले. त्यात वाढीव उत्पादनावर सवलती देऊ केल्या आहेत. २०१९ मध्ये ओएनजीसी आणि इंडियन ऑइल यांच्यात कोयाली तेलशुद्धीकरण कारखान्यातील कार्बन डायऑक्साइड भरूच जिल्ह्यातील गंधार क्षेत्रात वापरण्याविषयी सामंजस्य करार झाला. २०२२ मधील नीती आयोगाच्या कार्बन-ग्रहणविषयक अहवालातही तेलप्राप्तीचा हा मार्ग चर्चिला गेला. गुजरातमध्ये वायूचा उगम आणि तेलाचे क्षेत्र जवळजवळ असल्याने तेथे ही पद्धत तांत्रिकदृष्ट्या विचारार्ह ठरते. महाराष्ट्राशी निगडित असलेल्या मुंबई हायची गोष्ट निराळी आहे. १९७४ मध्ये सागर सम्राट जहाजाने शोधलेल्या आणि १९७६ पासून उत्पादन देणाऱ्या या चुनखडीच्या क्षेत्रात १९८४ पासून पाणी सोडले जाते. किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटरवर, जुन्या फलाटांवर, आम्लधर्मी वायूला तोंड देणारी यंत्रसामग्री बसविणे हे वेगळ्याच खर्चाचे काम आहे. जानेवारी २०२५ मध्ये तेथील उत्पादन वाढविण्यासाठी ओएनजीसीने ब्रिटिश कंपनी बीपीची तांत्रिक सेवेसाठी निवड केली, तेव्हाही प्रश्न तोच होता : वाढ कोणत्या रेषेपासून मोजायची?

वाढीव उत्पादनावर सवलत द्यायची तर ती रेषा कोणीतरी काढली पाहिजे, आणि सवलत सार्वजनिक तिजोरीतून जात असल्याने ती रेषा व तिच्यामागील गृहीतके प्रसिद्ध झाली पाहिजेत. गंधारसारख्या प्रकल्पाविषयी बाहेरून आणलेला वायू, परत वर आलेला वायू, तो दाबण्यासाठी जळालेले इंधन आणि मिळालेले तेल, हे चार आकडे वर्षागणिक एकत्र छापले गेले तर भूगोलाच्या वा अर्थशास्त्राच्या अध्यापकालाही वर केलेला हिशेब पडताळून पाहता येईल. माती आणि भूजलाची नोंद मात्र वायू सोडण्यापूर्वीच व्हावी लागते. स्कॅरी काउंटीत १९७२ मध्ये ती झाली नव्हती, आणि तीन दशकांनंतर तेथील भूजल तपासणाऱ्या संशोधकांना शेजारच्या प्रदेशातील विहिरींशी तुलना करून निष्कर्ष काढावे लागले.